जुन्या व्हॉल्व्ह-सेटवर मोर्स: नाशिकच्या नवख्या हॅमसाठी

हॅमसाठी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यासाठी, व्हॉल्व्हचा जुना रेडिओ-सेट मिळवणं सोपं. पहिल्याच रात्री तो न जाळणं अवघड. सेट घरी येतो, मीटरचे पिवळे दिवे लागलेले बघायची घाई असते, आणि ज्या फायनल (शेवटी पॉवर देणाऱ्या) व्हॉल्व्हनी चाळीस-पन्नास वर्षं काढली ते पाच मिनिटांत लाल होऊन बसतात. म्हणून इथे सगळा क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. आधी मेन्स, मग ऐकणं, मग की (मोर्सचं बटण), मग डमी लोड आणि सगळ्यात शेवटी अँटेना. एवढ्यात दोन-तीन आठवडे गेले तरी हरकत नाही.

परवान्याबद्दल थोडक्यात. हॅमची परीक्षा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा घेते. जनरल आणि रिस्ट्रिक्टेड असे दोन ग्रेड आहेत. जनरलला मोर्सची परीक्षा असते, मिनिटाला ८ शब्दांची. तुमच्या कागदावर जो मोड, जो बँड आणि जितके वॅट लिहिलेत तेवढेच तुमचे. व्हॉल्व्हचे बहुतेक सेट सहज १०० वॅटच्या आसपास देतात, त्यामुळे ज्यांची मर्यादा कमी आहे त्यांनी पॉवर खाली कशी ठेवायची हेही शिकून घ्यावं. ते पुढे येईलच. सेट विकत घेण्याआधीच कागदपत्रांचं बघा, नंतर नको.

कोणता सेट घ्यावा

१९७० च्या दशकातले केनवुड टीएस-५२० आणि यासू एफटी-१०१ हे दोन जपानी ट्रान्सीव्हर (ट्रान्समीटर-रिसीव्हर एकत्र) नवख्याला सगळ्यात सोयीचे. दोन्ही अर्धे ट्रान्झिस्टरचे, अर्धे व्हॉल्व्हचे. रिसीव्हर पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालतो. व्हॉल्व्ह फक्त तीन, एक ड्रायव्हर (१२बीवाय७ए) आणि दोन फायनल. म्हणजे हीटरचा (व्हॉल्व्ह तापवणारा) स्विच बंद ठेवून रात्रभर ऐकत बसलात तरी व्हॉल्व्हचं आयुष्य खर्च होत नाही. ही सोय किती मोलाची आहे ते पहिल्या महिन्यात कळतं.

दोघांत निवडायचं झालं तर मी टीएस-५२० घेईन. त्यातले फायनल ६१४६ च्या कुळातले, म्हणजे ट्रान्समीटरसाठीच बनवलेले आणि थोडी चूक पोटात घालणारे. एफटी-१०१ मध्ये ६जेएस६सी आहेत. हे मुळात टीव्हीच्या हॉरिझाँटल आउटपुटचे व्हॉल्व्ह. चांगले चालतात, पण ट्यून करताना हात रेंगाळला की माफी नाही. एखाद्या जुन्या हॅमच्या माळ्यावरून ८०७ चा होमब्रू ट्रान्समीटर मिळाला तर तोही घ्या. फक्त तो पहिला सेट म्हणून चालवू नका. ८०७ च्या डोक्यावरच्या टोपीला सहाशेच्या आसपास व्होल्ट असतात, आणि घरगुती बांधणीत ती टोपी बहुतेकदा उघडीच असते.

घेताना बाहेरच्या रंगापेक्षा बँडस्विच (बँड बदलण्याचा स्विच) बघा. तो प्रत्येक घरात टक्कन बसतो का, मधे कुठे लोंबकळतो का? ट्यूनिंगचे प्लेट आणि लोड हे नॉब न अडखळता फिरतात का? फायनल व्हॉल्व्ह बदलता येतात, जळालेला बँडस्विच वेफर मिळत नाही.

मेन्स लावण्याआधी

झाकण उघडा. प्लग काढलेला असला तरी आत हात घालण्याआधी थांबा, कारण हाय व्होल्टेजचे कपॅसिटर चार्ज धरून बसतात. सेटमधला ब्लीडर रेझिस्टर तो चार्ज उतरवतो, पण ब्लीडरच उडालेला असला तर? लाकडी दांडीला १० किलोओहमचा दणकट रेझिस्टर बांधा, एक टोक चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडा, दुसरं टोक कपॅसिटरला काही सेकंद टेकवा, मग मल्टिमीटरने मोजून खात्री करा. टीएस-५२० मध्ये फायनलच्या प्लेटला (व्हॉल्व्हच्या आउटपुटच्या टोकाला) ८०० च्या घरात व्होल्ट असतात. हा घरच्या स्विचबोर्डचा झटका नव्हे. चालू सेटमध्ये मोजमाप करायचंच असेल तर एक हात खिशात, पायात रबरी चप्पल आणि घरात दुसरं माणूस जागं. त्या माणसाला मेन स्विच कुठे आहे हे आधी दाखवून ठेवा.

आपल्याकडे उन्हाळ्यात बारीक धूळ सगळीकडे शिरते, आणि सेटच्या फायनलच्या पिंजऱ्यात पंखा ती ओढूनच घेतो. कोरड्या मऊ ब्रशने झटका. बँडस्विचला कॉन्टॅक्ट क्लीनर कापसाच्या काडीवर घेऊन लावा. सरळ फवारा मारू नका. बिजागरीला मारायचं तेल इथे अजिबात नको.

मग ट्रान्सफॉर्मरची टॅपिंग. हे सेट देशोदेशी विकले गेले. मागच्या बाजूला किंवा आत १००, ११०, ११७, २०० आणि २२० अशा व्होल्टेजच्या जोडण्या असतात. परदेशातून आलेला सेट ११७ वर असू शकतो आणि २३० ला लावला की संपला. टॅपिंग २२० वर आहे असं समजू. रात्री उशिरा शेजारपाजारचा लोड उतरला की तुमच्या घरी मेन्स किती चढतं ते मोजा. २४५ भरलं तर हिशेब असा: २२० ला ६.३ व्होल्ट मिळणारा हीटर २४५ ला ७ व्होल्ट खातो. हीटरला साधारण दहा टक्क्यांपर्यंतच चढउतार चालतो, म्हणजे ६.९. तुम्ही त्याच्या पलीकडे गेलात. छोटा व्हेरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) मध्ये टाकून सेटला २२० च द्या. व्हॉल्व्हच्या किमतीपुढे व्हेरिअॅक स्वस्त पडतो.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटला एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा आतला थर झिजलेला असतो आणि तो हळूहळू पुन्हा बसवावा लागतो. हीटरचा स्विच बंद ठेवा, सिरीजमध्ये १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा, व्हेरिअॅकने तीसेक टक्क्यांवर तासभर ठेवा आणि मग दोन-तीन तासांत टप्प्याटप्प्याने वर न्या. (रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल तर ही युक्ती तशीच चालत नाही, कारण कमी व्होल्टेजला तो व्हॉल्व्हच तापत नाही. तिथे जाणकार माणूस गाठा.) बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. तिथेच थांबा.

आता एक छोटा भाग, ज्याची किंमत अगदी किरकोळ आणि ज्याच्यामुळे या पिढीचे कितीतरी सेट मेलेत. ड्रायव्हरच्या प्लेटकडून फायनलच्या ग्रिडकडे (सिग्नल आत घेणाऱ्या टोकाकडे) जाणारा कपलिंग कपॅसिटर. त्याच्या एका बाजूला ड्रायव्हरचे दोन-तीनशे पॉझिटिव्ह व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ग्रिडचा निगेटिव्ह बायस (व्हॉल्व्हचा करंट आवरून धरणारं व्होल्टेज). तो जरासा गळायला लागला की पॉझिटिव्ह व्होल्टेज ग्रिडवर पोचतं, बायस कोसळतो आणि की न दाबताच फायनल पूर्ण करंट ओढू लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त प्लेट-करंटचा काटा शांतपणे वर चढत जातो. सेट हातात आला की हा कपॅसिटर न तपासताच बदलून टाका. व्हॅल्यू तीच, पण किमान १००० व्होल्टचा, मायका किंवा चांगला सिरॅमिक. तो बदलेपर्यंत हीटरचा स्विच लावायचा नाही.

पहिला आठवडा फक्त कान

रिसीव्हर तयार झाला की खिडकीतून दहा मीटर वायर बाहेर सोडा आणि ऐकायला लागा. व्हीएफओ (सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर) स्थिर व्हायला अर्धा तास द्या. डिसेंबरात सकाळी खोली दहा अंशांवर असते तेव्हा जास्तच. सेट तापत जातो तसा सूर हळूहळू सरकतो, आणि नवख्याला वाटतं समोरचाच वाहवत चाललाय.

मोर्स ऐकण्याची या सेटांची रीत आजच्या सेटांपेक्षा वेगळी आहे. आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) पूर्ण उघडून आवाजाच्या नॉबने कमी-जास्त करायचं, ही सवय सोडा. आवाज बऱ्यापैकी वर ठेवा आणि आरएफ गेन खाली आणत जा, सिग्नल खरखरीतून वेगळा उठेपर्यंत. एस-मीटर (सिग्नलची ताकद सांगणारा) चुकीचं दाखवेल, दाखवू द्या. मग प्रीसिलेक्टर (टीएस-५२० वर त्याच नॉबला ड्राइव्ह म्हणतात) हळू फिरवून खरखर सर्वांत मोठी होईल तिथे ठेवा. हे बोटांना सवयीचं करून घ्या, कारण ट्रान्समिटच्या वेळी याच नॉबवर बरंच काही अवलंबून आहे.

डायल खरं सांगतेय का? सेटमधला क्रिस्टल कॅलिब्रेटर लावा. तो दर २५ किंवा १०० किलोहर्ट्झला शिट्टी देतो. शिट्टीचा सूर खाली खाली येत शून्य होतो तिथे डायलची रेघ जुळवा.

कान तयार करायला १४.१०० मेगाहर्ट्झ ही जागा फार उपयोगाची. जगभरच्या अठरा बीकनची (आपोआप सिग्नल पाठवणाऱ्या स्टेशनांची) साखळी तिथे आळीपाळीने बोलते. प्रत्येकाला दहा सेकंद, म्हणजे तीन मिनिटांत एक फेरी. प्रत्येक बीकन आधी आपलं कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) मिनिटाला २२ शब्दांच्या वेगाने देतो आणि मग एकेक सेकंदाच्या चार लांब रेघा: १०० वॅट, १० वॅट, १ वॅट आणि दशांश वॅट. श्रीलंकेचा बीकन (४एस७बी) नाशिकहून सुमारे १,६०० किलोमीटरवर. चालू असेल आणि बँड उघडा असेल तर त्याच्या कितव्या रेघेपर्यंत ऐकू येतं ते वहीत लिहा. तिसरी रेघ लागली म्हणजे एक वॅट ऐकलात. रिसीव्हर उत्तम आहे आणि अँटेनाही वाईट नाही. पहिलीच जेमतेम लागत असेल आणि घरातला आवाज मोठा असेल तर एकेक एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर बंद करून बघा. निम्मा गोंगाट बहुधा तुमच्याच घरातला निघतो.

मोर्स शिकण्याबद्दल एकच सल्ला, तक्ता भिंतीवर लावू नका. टिंब-रेघा डोळ्यांनी पाठ केल्या की प्रत्येक अक्षराला मनात भाषांतर करावं लागतं आणि मिनिटाला सहा-सात शब्दांवर माणूस अडकून पडतो. अक्षर पंधरा-अठराच्या वेगाने, एका झटक्यात, सूर म्हणून ऐका. अक्षरांमधली जागा मात्र मोठी ठेवा. दोन अक्षरांनी सुरुवात करा, ती पक्की झाली की तिसरं.

की, आणि तिच्यातून वाहणारं व्होल्टेज

तारखात्याच्या पितळी की अजून जुन्या सामानात मिळतात. भारतातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि बरंच पितळ भंगारात गेलं. मिळाली तर घ्या. तिचं वजनच असं असतं की टेबलावर सरकत नाही. टोकं साध्या कागदाने घासून पुसा, पॉलिश पेपर नको. फट एका जाड पुठ्ठ्याएवढी ठेवून सुरुवात करा आणि स्प्रिंग इतकीच घट्ट की हात उचलला की की आपोआप उठावी. हालचाल मनगटातून यायला हवी. बोटांनी टकटक केली तर दहा मिनिटांत हात आखडतो.

जोडण्याआधी सेटच्या की-जॅकवर मीटर लावा. जुन्या ट्रान्समीटरांत दोन पद्धती असतात. कॅथोड कीइंगमध्ये की उघडी असताना तिच्यावर शंभरच्या वर पॉझिटिव्ह व्होल्ट येऊ शकतात, आणि पितळी कीचा दांडा उघडा असतो. ग्रिड-ब्लॉक कीइंगमध्ये व्होल्टेज निगेटिव्ह असतं, पन्नास-साठ वगैरे, करंट नगण्य. टीएस-५२० आणि एफटी-१०१ या दुसऱ्या जातीचे. आजचा इलेक्ट्रॉनिक कीअर सरळ अशा सेटला लावला तर त्याच्या आतला ट्रान्झिस्टर उलट्या व्होल्टेजने जाईल, नाहीतर कीच लागणार नाही. मध्ये छोटा रीड रिले किंवा ऑप्टोकपलर टाका. पितळी कीला अर्थातच पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं सोयरसुतक नाही. फक्त दांड्याची बाजू चासीच्या टोकाला जोडा आणि दुसरं टोक हाताला लागणार नाही असं झाका.

डमी लोडवर ट्यूनिंग

डमी लोड म्हणजे ५० ओहमचा मोठा रेझिस्टर, जो सगळी पॉवर उष्णता करून पोटात घेतो. वायरवाउंड चालत नाही, ते कॉइलसारखे वागतात. एक किलोओहमचे दोन वॅटचे वीस कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा, ५० ओहम तयार. हवेत हा ४० वॅट सलग सोसतो. काही सेकंदांच्या ट्यूनिंगला १०० वॅटही चालतील, मधे गार होऊ दिलात तर.

आता आधी कारण समजून घेऊ, मग क्रम. फायनलच्या प्लेटला समजा ८०० व्होल्ट आहेत आणि करंट पाव अँपिअर, म्हणजे २०० वॅट आत जाताहेत. प्लेटचं सर्किट फ्रिक्वेन्सीला जुळलेलं असेल तर यातले शंभरहून थोडे जास्त लोडकडे जातात, उरलेले व्हॉल्व्ह तापवतात. जुळलेलं नसेल तर बाहेर जवळपास काहीच जात नाही आणि सगळे २०० वॅट प्लेटवर पडतात. दोन ६१४६ मिळून पन्नास ते सत्तर वॅट सोसणारे. म्हणूनच दर वेळी की फार तर दहा सेकंद, मग वीस-तीस सेकंद विश्रांती, आणि सुरुवात नेहमी कमी ड्राइव्हने, म्हणजे फायनलकडे थोडाच सिग्नल सोडून.

हीटर लावा. पुस्तिकेत मिनिटभर लिहिलेलं असलं तरी तीन मिनिटं द्या. बँड ४० मीटर (म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा), डायल ७.०२० मेगाहर्ट्झ. प्रीसिलेक्टर ऐकून शिखरावर आणा. मीटर प्लेट-करंटवर.

पहिलं काम आयडल करंट. मोड एसएसबी (बोलण्याचा), माइक गेन शून्य, सेट ट्रान्समिटला टाका. काही बोलायचं नाही, की दाबायची नाही. टीएस-५२० मध्ये काटा ६० मिलिअँपिअरवर यायला हवा; बायसच्या पॉटने तो तिथे आणा. इतर सेटांचा आकडा त्यांच्या पुस्तिकेत असतो. काटा स्थिर नसेल, आपोआप वर सरकत असेल तर लगेच हीटर बंद. तोच कपलिंग कपॅसिटर, नाहीतर गॅस झालेला व्हॉल्व्ह.

मग प्लेटचा नॉब पॅनेलवरच्या ४० च्या खुणेवर ठेवा आणि लोड सर्वांत कमी जोडणीवर, म्हणजे कपॅसिटरची पाती पूर्ण एकमेकांत शिरलेली. पॅनेलवरचे आकडे सेटागणिक उलटसुलट असतात, म्हणून एकदा झाकण काढून पाती कुठे मिटतात ते बघूनच घ्या. मोड ट्यून किंवा सीडब्ल्यू (मोर्सचा). कॅरिअरचा (पॉवर कमी-जास्त करणारा) नॉब जवळजवळ शून्यावरून किंचित वर.

की दाबा. डोळा फक्त प्लेट-करंटवर. प्लेटचा नॉब खुणेच्या अल्याडपल्याड हळू फिरवा. करंट एका जागी खोल खाली जाईल आणि पुढे पुन्हा चढेल. ही डिप. तिच्या तळाशी थांबा, की सोडा. एवढं तीन सेकंदांत जमायला हवं, आणि पाच-सहा वेळा केलं की जमतं. खुणेपासून फार लांब दुसरी डिप सापडली तर ती दुप्पट फ्रिक्वेन्सीची असू शकते. खुणेजवळचीच खरी मानायची.

विश्रांती. कॅरिअर थोडा वाढवा. की दाबा, ड्राइव्हचा नॉब किंचित हलवून करंट सर्वांत जास्त होईल तिथे ठेवा, पुन्हा डिप शोधा, सोडा. आता लोड एक घर वाढवा. करंट वर जाईल आणि डिप जरा सरकेल. प्लेटने ती पुन्हा गाठा. पुन्हा लोड, पुन्हा डिप. प्रत्येक फेरीत डिप उथळ होत जाईल आणि पॉवर-मीटरचा किंवा सेटमधल्या आरएफ मीटरचा काटा वर चढेल. कुठल्याशा फेरीत लोड वाढवूनही आउटपुट वाढत नाही, उलट घसरतं. एक पाऊल मागे या. सेट ट्यून झाला. डिप पूर्णच नाहीशी झाली असेल तर लोड फार झालं; आणि डिप अजून विहिरीसारखी खोल असेल तर लोड कमी आहे. असा कमी लोडवर चालवला की स्क्रीन ग्रिडवर ताण येतो आणि सिग्नलही घाण होतो.

कमी पॉवर हवी असेल तर पूर्ण ट्यून करून मग फक्त कॅरिअर खाली आणा. प्लेट किंवा लोड बिघडवून पॉवर कमी करण्याची आयडिया काही जण सांगतात; तिचं काय होतं ते वर वाचलंतच.

हे सगळे आकडे पेन्सिलीने एका पुठ्ठ्यावर लिहून सेटच्या बाजूला टांगा: बँड, ड्राइव्ह, प्लेट, लोड. पुढच्या वेळी दोन सेकंदांत जवळपास पोचाल. बँडमध्ये वीस-तीस किलोहर्ट्झ सरकलात तर प्लेटला हलका स्पर्श पुरतो, ५० सरकलात तर पुन्हा डिप बघा.

अजूनही अँटेनाला हात लावू नका. शेजारी दुसरा कोणताही लहान रिसीव्हर अँटेनाशिवाय ठेवा आणि स्वतःचा सिग्नल ऐका. टिंबाचा सूर सुरुवातीला वर-खाली सरकत असेल, चिमणीच्या चिवचिवीसारखा, तर त्याला चर्प म्हणतात. व्हीएफओचं व्होल्टेज की दाबताच खचतंय. प्रत्येक टिंबाच्या कडेला टक् असा आवाज बाजूच्या फ्रिक्वेन्सींवरही येत असेल तर की-क्लिक. कीइंग सर्किटमधला छोटा कपॅसिटर बहुधा संपलाय. जुन्या सेटच्या हलक्या चर्पला लोक हसून माफ करतात, काहींना तर तो आवडतो. क्लिकला माफी नाही, कारण ती दुसऱ्याच्या बोलण्यात जाऊन पडते.

गच्चीवरचा डायपोल

४० मीटरसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.०२ ला २०.४ मीटर, दोन्ही बाजूंना १०.२. घरगुती वायरिंगची पीव्हीसी वायर वापरलीत तर दोन-तीन टक्के कमी भरेल. आधी लांब ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारं प्रमाण) बघत दोन्हीकडून सारखी कापा. मध्ये एक पाइप उभा करून दोन्ही टोकं गच्चीच्या कोपऱ्यांकडे उतरती बांधली की इन्व्हर्टेड व्ही झाला. टोकांना हात पोचणार नाही इतकं उंच, कारण ट्रान्समिटच्या वेळी तिथे भाजेल इतकं व्होल्टेज असतं आणि गच्चीवर कुणी ना कुणी वाळवणं घालायला येतंच. गंगापूर रोड-इंदिरानगरकडे फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची परवानगी आधी, पाइप नंतर. कोअॅक्स (सेटपासून अँटेनापर्यंतची केबल) वीस मीटरपर्यंत आरजी-५८ पुरते. फीडपॉइंटला (केबल डायपोलला मिळते तिथे) तीच केबल आठ-दहा वेढे गुंडाळून ठेवलीत की घरच्या टीव्हीची तक्रार कमी होते. हाच डायपोल २१ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी चालतो.

डमी लोडवरून अँटेनावर आल्यावर कॅरिअर पुन्हा खाली आणून डिप आणि लोड तपासा. व्हॉल्व्हच्या सेटचं पाय-नेटवर्क (प्लेट आणि लोड नॉबचं सर्किट) थोडीफार विजोडता सांभाळून घेतं. एसडब्ल्यूआर २ पर्यंत असेल तर वेगळा ट्यूनर लागत नाही. आजच्या ट्रान्झिस्टर सेटपुढे हा त्यांचा मोठा फायदा.

एप्रिल-मे मधल्या वळवापासून पावसाळा बसेपर्यंत, आणि पुन्हा ऑक्टोबरात, काम संपलं की कोअॅक्स सेटपासून काढून खिडकीबाहेर टाका. स्विच बंद केला एवढं पुरत नाही. हेडफोनमध्ये कडकडाट वाढत गेला तर आकाश निरभ्र दिसलं तरी त्या दिवशीचा खेळ आवरा.

हवेत

७.००० ते ७.०४० हा भाग मोर्सचा. ७.०३० च्या आसपास कमी पॉवरवाले असतात आणि तिथे वेगही बेताचा असतो. दहा मीटर उंचीच्या डायपोलवर दिवसा पुणे, हैदराबाद, बंगळुरू अशी जवळची गावं मिळतात. अंधार पडला की तीच फ्रिक्वेन्सी लांबच्यांची होते.

कुणाला उत्तर द्यायचं तर त्याच्या फ्रिक्वेन्सीवर नेमकं बसावं लागतं, आणि इथे नवखे फसतात. हीटर बंद ठेवून की दाबा. बऱ्याच सेटांत साइडटोन (आपल्याच कीचा सूर) ऐकू येतो, साधारण ८०० हर्ट्झचा. समोरच्याचा सूर मुख्य डायल फिरवून त्या साइडटोनशी जुळवा, जसं तंबोऱ्याच्या सुराला सूर लावतात तसं. आरआयटी (फक्त रिसीव्हर थोडा सरकवणारा नॉब; यासूवर क्लॅरिफायर) त्या वेळी बंद. बोलणं सुरू झाल्यावर समोरचा सरकला तर मग आरआयटीने धरा. मुख्य डायलने पाठलाग केलात तर दोघंही बँडभर फिरत बसाल.

मोकळ्या जागेवर आधी 'क्यूआरएल?' (जागा वापरात आहे का?) विचारा, थांबा, पुन्हा विचारा. मग 'सीक्यू' (कुणीही उत्तर द्या) तीनदा, 'डीई' (यांच्याकडून), आपलं कॉलसाइन दोनदा, शेवटी 'के' (आता तुम्ही बोला). लांबलचक सीक्यू मारू नका, लोक वैतागून पुढे जातात. उत्तर आलं की त्याचं कॉलसाइन, रिपोर्ट, नाव, गाव. वेग झेपत नसेल तर 'क्यूआरएस' (हळू पाठवा) पाठवा. समोरचा कितीही जुना खेळाडू असला तरी हात सैल करतो. निरोपाला '७३' (शुभेच्छा).

गावाचं नाव पाठवायचा सराव वेगळा करा. इंग्रजी अक्षरांत नाशिक असं जातं:

−·   ·−   ···   ····   ··   −·−

मधली तीन अक्षरं, एस, एच, आय, बघा. सलग नऊ टिंबं, एकही रेघ नाही. हात घाईत असला की मधल्या जागा मिटतात आणि समोरच्याला पाच टिंबं, मग चार, असलं काहीतरी पोचतं, म्हणजे '५' आणि 'एच'. मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाला एक टिंब १५० मिलिसेकंदांचं आणि दोन अक्षरांमधली जागा त्याच्या तिप्पट. सुरुवातीला ती जागा चौपट-पाचपट ठेवा. कुणी हसत नाही. गावाचं नाव दोनदा पाठवा.

कुणी ग्रिड लोकेटर (आपली जागा सांगणारा अक्षर-आकड्यांचा कोड) विचारला तर नाशिककरांना अंदाजाने उत्तर देता येत नाही. २० अंशांचं अक्षवृत्त शहरातूनच जातं आणि लोकेटरचा चौकोन तिथेच बदलतो. नाशिक रोड, देवळाली कॅम्प एमके६९ मध्ये. म्हसरूळ, मखमलाबाद एमएल६० मध्ये. घर जुन्या गावात असेल तर मोबाइलवर अक्षांश बघून मगच लॉगबुकात लिहा.